माघातील पहाट आणि मुंग्यांची रांग

मर्ढेकरांच्या नागर कवितेचा विचार करताना मराठी समीक्षेत एक समीकरण बहुधा गृहीत धरलेले असते. पशुपक्षी, झाडे, ऋतू ही लयीची सृष्टी. नगर ही घड्याळाची सृष्टी. पहिली मुक्त, दुसरी बद्ध. कवीचे दुःख या दोहोंच्या विरोधातून उत्पन्न झाले, असे मग सांगण्यात येते. हे समीकरण सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या दोन्ही बाजू तपासून पाहिल्या तर ते टिकत नाही आणि ते टिकत नाही असे आढळल्यावर मर्ढेकरांच्या दोन प्रसिद्ध कविता निराळ्या दिसू लागतात.

प्रथम प्राणिसृष्टीकडे पाहावे. द मेराँ या फ्रेंच संशोधकाच्या 1729 मधील निरीक्षणानुसार लाजाळूसारखे झाड सतत अंधारात ठेवले तरी त्याची पाने ठरलेल्या वेळी उघडत आणि मिटत राहतात. म्हणजे पानांची ही हालचाल केवळ उजेडाला दिलेला प्रतिसाद नव्हे. काळाची मोजदाद झाडाच्या आतच चालू असते. फळमाशीत हे घड्याळ चालविणारे जनुक 1971 मध्ये हाती लागले आणि त्या यंत्रणेच्या उलगड्याला 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे ‘यंत्रणा’ हा शब्द अलंकार म्हणून आलेला नाही. विशिष्ट प्रथिने पेशीत साठत जातात, पुरेशी साठली की स्वतःचीच निर्मिती थांबवितात, झिजतात आणि पुन्हा साठू लागतात. हे चक्र सुमारे चोवीस तासांचे असते. ‘सुमारे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आतले घड्याळ नेमके चोवीस तासांचे नसल्यामुळे ते रोज मिळवून घ्यावे लागते, आणि हे काम मुख्यतः सूर्योदय व सूर्यास्त करतात. तेव्हा पाखरांना घड्याळ नसते हे विधान चुकीचे आहे. पाखरांना घड्याळ असते. फक्त ते दुसऱ्या कोणी बांधलेले नसते.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मदुराई येथे एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी यांनी गुहेत राहणाऱ्या कीटकभक्षी वटवाघळांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 1981 मध्ये प्रसिद्ध झाले. गुहेच्या आत अहोरात्र अंधार. तेथे पिंजऱ्यात कोंडलेले वटवाघूळ एकटे असेल तर त्याची हालचालीची वेळ दिवसागणिक बाहेरच्या दिवसरात्रीपासून सरकत जाते. पण त्याच गुहेत मोकळ्या वटवाघळांची वस्ती असेल, तर संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या आणि पहाटे परतणाऱ्या त्या थव्यावरून कोंडलेला प्राणीही आपले घड्याळ बिनचूक मिळवून घेतो. त्याला सूर्य दिसत नाही. सूर्य पाहून आलेले भाईबंद तेवढे कळतात. वेळ ही समाजाकडूनही मिळू शकते, आणि तीसुद्धा माणसाच्या जन्मापूर्वीपासून. मग गिरणीचा भोंगा ऐकून जागी होणारी चाळ निसर्गाच्या बाहेर फेकली गेली आहे, असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे?

आधार आहे, पण तो अन्यत्र आहे. 1955 साली मॅक्स रेनर याने पॅरिसमध्ये ठराविक वेळी खाद्य घेण्याची सवय लावलेल्या मधमाश्या विमानाने न्यूयॉर्कला नेल्या. तेथेही त्या पॅरिसच्याच वेळेला खाद्यावर आल्या. आतले घड्याळ हुकमाने पुढेमागे होत नाही. मुंबईला हा धडा अर्धशतक आधीच मिळाला होता. 1906 च्या आरंभी भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा 39 मिनिटे पुढे होती. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी मागावर जाण्याचे नाकारले आणि गिरण्यांवर दगडफेक केली. नगरपालिकेने तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुनी वेळ सोडली नाही. या तंट्यात घड्याळ असावे की नसावे हा प्रश्नच नव्हता; कामगार वर्षानुवर्षे भोंग्यावर कामाला येतच होते. घड्याळ कोणाकडून मिळवावयाचे, डोक्यावरच्या सूर्याकडून की दूरच्या एका रेखांशाकडून, एवढाच वाद होता. थंडीत मुंबईचा सूर्योदय प्रमाणवेळेने सातच्या पुढे जातो हे लक्षात घेतले, तर अंधारात घराबाहेर पडणाऱ्याला ही 39 मिनिटे किती जड गेली असतील याची कल्पना येते.

आता मर्ढेकरांची माघातल्या पहाटेची कविता घ्यावी. मुंबई बंदर उजळत चालले आहे. घरे अंधारातून डोकी वर काढीत आहेत, गवळी भरल्या हंड्यांच्या कावडी घेऊन निघाले आहेत, झाडांची न्याहारी सुरू झाली आहे, समुद्रपक्षी लाटांवर वेचणी करीत आहेत. धक्क्यावरच्या बोटी मात्र अजून झोपेतच आहेत. धूर, चहा आणि डांबर यांचे वास हवेत आहेत. ही केवळ सुंदर दृश्यांची मांडणी आहे असे मानले, तर कवितेची बांधणी हातून निसटते. या नोंदींतील प्रत्येक जण आपापल्या वेळेला जागा होतो आहे. गवळी सूर्याच्या आधी, झाड उजेडाबरोबर, पक्षी त्याच सुमारास, बोट सर्वांच्या मागून. लिनियसने 1751 मध्ये वेगवेगळ्या वेळी उमलणाऱ्या फुलांवरून वेळ ओळखण्याची कल्पना मांडली होती. मर्ढेकरांनी मुंबईपुरते तेच केले आहे. आणि त्या वर्तुळात फूल व बोट, पक्षी व गवळी यांच्यात भेद केलेला नाही. झाडांच्या न्याहारीचा तपशील तर वनस्पतिशास्त्राशी तंतोतंत जुळतो, कारण झाडे उजेड पडल्यावरच हवेतील कार्बन वायू अन्नासाठी घेऊ लागतात. शास्त्र आणि काव्य यांचा असा बिनबोभाट मेळ मराठीत फार वेळा आढळत नाही.

या कवितेत काय नाही हेही पाहणे अगत्याचे आहे. गिरण्यांच्या त्या मुंबईतील पहाट असूनही येथे भोंगा वाजत नाही, आगगाडी येत नाही, कोणी घड्याळ पाहत नाही. प्रचंड धांदल शहराच्या पोटात दडलेली आहे खरी. पण ती बाहेर पडेल ती सूर्याला वाहिलेल्या अर्घ्याच्या रूपाने. तिचीही वेळ सूर्यच ठरवितो. तेव्हा ही नगराने क्षणभर निसर्गाचे सोंग घेतल्याची कविता नव्हे. अनेक घड्याळे एका सूर्याने मिळविली जात असताना नगर कसे दिसते, याचे हे चित्र आहे.

याच्या उलट मुंग्यांची कविता. तेथे आपण आणि परका, स्त्री आणि पुरुष, सगळ्यांची एकच गणती चालते आणि अखेरीस लोकल गाडी व घड्याळाचे काटे येतात. येथे घड्याळ एकच आहे आणि सर्वांना त्याच्याशीच सौदा करावा लागतो. माणसाची मुंगी झाली म्हणून तो पशुपातळीवर उतरला, हा या कवितेचा नेहमीचा अर्थ. परंतु प्रत्यक्ष मुंग्यांची वसाहत अशी एकसुरी नसते. बाहेर हिंडून अन्न आणणाऱ्या मुंग्यांना दिवसरात्रीची लय असते. आत अंडी-अळ्या सांभाळणाऱ्या मुंग्या बहुधा अहोरात्र, लयीवाचून राबतात. मधमाश्यांतही हेच आढळते, आणि काम बदलले की एकीचीच लय जाते वा परत येते. थोडक्यात, मुंग्यांमध्ये नसलेली एकवेळता कवीने नगरातून उचलून मुंग्यांवर लादली आहे. उपमेची दिशा समजली जाते तिच्या नेमकी उलट आहे. प्रतिमा म्हणून हा कवितेचा दुबळा भाग म्हणावा लागेल, कारण मुंगी येथे पाहिलेली नाही, नीतिकथेतून घेतलेली आहे. माघाच्या कवितेतील समुद्रपक्षी पाहिलेले आहेत, आणि हा फरक वाचकाला जाणवतो.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे आहेत. लयीसाठी निदान दोन घटक लागतात, हे त्यांत अभिप्रेत आहे. एकाच घटकाची आवृत्ती म्हणजे लय नव्हे. त्यांच्याच कसोटीने पाहिले तर मुंग्यांच्या नगरात लय संभवत नाही, आणि ती तेथे हरवली असेल तर ती यंत्रामुळे नव्हे, घटकांमधले भेदच पुसले गेल्यामुळे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) मेंढरांमागे जाणारी मुले आणि शाळेचे तास यांचा मेळ बसत नाही, तेथेही दोन घड्याळे समोरासमोर आहेत, मात्र मास्तर दोहोंमध्ये वाट शोधतो, म्हणून तेथे ताण आहे, कोंडी नाही.

माघाच्या कवितेत शेवटी थांबण्याची विनंती येते. ती कोणाला आहे हे कविता सांगत नाही. सूर्याला म्हणावे तर अर्घ्य त्यालाच वाहावयाचे आहे. धांदलीला म्हणावे तर ती अजून जन्मलेली नाही. परंतु आरंभी सचेतनांचा उल्लेख आधी आणि अचेतनांचा नंतर येतो. विनंतीनंतर तेच दोन उल्लेख क्रम उलटून येतात, आणि जो हिवाळा सगळे मिळून पीत होते तो आता एका घोटापुरता उरलेला असतो.