सहासष्ट आणि त्र्याहत्तर

बायबलच्या अभ्यासासाठी 'स्वोर्ड' ही विनामूल्य संगणकप्रणाली आम्ही काही महिने वापरून पाहिली. तिचे गुण निर्विवाद आहेत. शब्द टाकावा आणि तो जेथे जेथे आला ती वचने क्षणात समोर यावीत. सेमिनरीत याच कामी जाडजूड शब्दसूची उलटण्यात आमच्या कित्येक संध्याकाळी गेल्या! प्रणालीची घडणही खुली आहे. जाणकाराला ती सुधारता येते.

आमची तक्रार मजकुराविषयी आहे. मुक्त परवान्याने मिळणाऱ्या मराठी 'इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन'मध्ये ग्रंथ ६६. ट्रेंटच्या महासभेने १५४६ साली मान्य केलेले ७३. विवाहविधीत वाचली जाणारी तोबियाची प्रार्थना त्यात नाही, मक्काबींचे दोन्ही ग्रंथ नाहीत. आणि 'सापडले नाही' एवढेच सांगणारे यंत्र ते का सापडले नाही, हे सांगत नाही. डुए-रीम्स व व्हल्गेट तेथे विनामूल्य आहेत खरे, पण इंग्रजी-लॅटिन घेऊन अमरावती धर्मप्रांतातील आजीबाईंनी काय करावे?

गेल्या नोव्हेंबरात मृतांसाठी प्रार्थनेचा आधार म्हणून आम्ही मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय सांगितला. मिस्सेनंतर अकोल्याचा एक युवक मोबाईल घेऊन आला आणि संकोचून म्हणाला, "फादर, हे पुस्तक बायबलात नाहीच."