बीजमंत्रांची सार्थता : एक भाषाशास्त्रीय परीक्षण

मंत्रांना अर्थ असतो काय, हा प्रश्न आपल्या परंपरेस नवा नाही. मंत्र अनर्थक आहेत, हे कौत्साचे मत यास्काने निरुक्ताच्या पहिल्या अध्यायात नोंदविले आहे. मंत्रांतील शब्द व त्यांचा क्रम बदलता येत नाही, हे कौत्साच्या कारणांपैकी एक होय. त्यावर, वेदमंत्रांतील शब्द लोकभाषेतीलच असल्यामुळे ते सार्थ मानले पाहिजेत, असे यास्काचे उत्तर आहे. परंतु हे उत्तर बीजमंत्रांना लागू पडत नाही. ‘गं’, ‘ह्रीं’, ‘क्लीं’ ही लोकभाषेतील पदे नव्हेत. त्यांना विभक्ती नाही, वाक्यात अन्वयही नाही. कौत्साचा पक्ष सर्वांत प्रबळ ठरतो तो येथे.

फ्रिट्स स्टाल (१९३०–२०१२) यांनी हाच पक्ष आधुनिक काळात नव्याने मांडला. केरळातील पांजाळ येथे १९७५ साली झालेल्या अग्निचयनाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. पुढे ‘रूल्स विदाउट मीनिंग’ (१९८९) या ग्रंथात, कर्मकांड व मंत्र यांना नियम असतात पण अर्थ नसतो, आणि मंत्रांचे साम्य भाषेपेक्षा पक्ष्यांच्या गाण्याशी अधिक आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. या सिद्धान्ताने अभ्यासकांना भाविक स्पष्टीकरणांच्या पलीकडे जाऊन मंत्रांच्या रचनेकडे पाहावयास लावले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि बीजमंत्रांच्या कसोटीवर तो पुरता उतरत नाही, असे मला वाटते.

भूतशुद्धीत येणारी पाच बीजे घ्यावीत : पृथ्वीचे ‘लं’, जलाचे ‘वं’, अग्नीचे ‘रं’, वायूचे ‘यं’ आणि आकाशाचे ‘हं’. यांत केवळ आद्य व्यंजन बदलते, बाकी सर्व समान राहते. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या जोडीवरून क् आणि ग् हे मराठीतील अर्थभेदक वर्ण होत, असे आपण ज्या न्यायाने ठरवितो, तोच न्याय येथे लावता येतो. कामबीज ‘क्लीं’ आणि कालीबीज ‘क्रीं’ यांत ल् आणि र् एवढाच भेद आहे. पण त्याने देवता बदलते. जेथे वर्णभेदाने निर्देश बदलतो, तेथे निर्देश आहे असे मानणे प्राप्त आहे.

यावर असा आक्षेप येईल की, कोणते अक्षर कोठे उच्चारावे हा नुसता नियम आहे, अर्थ नव्हे. परंतु ‘गं’ हे बीज जपात येवो, न्यासात येवो वा यंत्रावर लिहिलेले असो, त्याचा गणपतीशी असलेला संबंध कायम राहतो. विधीचे स्थान बदलूनही टिकणाऱ्या अशा संबंधास संकेत म्हणावयास प्रत्यवाय नसावा. पाणिनीच्या ‘घु’, ‘टि’, ‘भ’ या संज्ञाही लोकभाषेत निरर्थक आहेत. शास्त्राच्या आत मात्र त्या सार्थ आहेत. ‘घु’ म्हटले की दा आणि धा या धातूंचा बोध होतो. बीजाची अर्थवत्ता याच जातीची आहे. फरक एवढाच की, संज्ञेच्या जागी तिचा संज्ञी ठेवून सूत्र समजावून सांगता येते. ‘लं’च्या जागी ‘पृथ्वी’ हा शब्द ठेवून जप करता येत नाही. या मर्यादेपुरते स्टाल यांचे म्हणणे ग्राह्य आहे.

दुसऱ्या टोकाला, बीजाचा अर्थ म्हणजे त्याच्या ध्वनीची कंपने, असे सांगणारी लोकप्रिय पुस्तके आहेत. हे मत उच्चाराच्या प्रत्यक्ष व्यवहारापुढे टिकत नाही. मराठी भाषक ‘ह्रस्व’चा उच्चार ‘र्‍हस्व’ असा करतो, त्याच वळणाने ‘ह्रीं’चा ‘र्‍हीं’ होतो. बंगाली साधक ‘क्लीं’ म्हणताना अनुस्वाराचा ङ् करतो. बौद्ध तंत्रांबरोबर जपानात पोहोचलेले ‘हूँ’ तेथे ‘उन’ झाले, तर अमिताभाचे ‘ह्रीः’ ‘किरीकु’ असे उच्चारले जाते. ध्वनी इतके बदलूनही त्या त्या परंपरेत बीज तेच मानले जाते. शुद्ध उच्चाराचा आग्रह सर्वत्र आहे, हे खरे. पण शुद्ध कोणते, हे गुरुमुख ठरविते. बीजाची एकता ध्वनीत नसून वर्णाकृतीत आणि संप्रदायात आहे.

व्याख्यांच्या बाबतीतही एक भेद पाळणे अवश्य आहे. देवी अथर्वशीर्षात ‘ह्रीं’ हे बीज आकाश व अग्नी यांच्या नावांनी सुचविले आहे. तेथे आकाश म्हणजे ह् आणि अग्नी म्हणजे र्. भूतशुद्धीतील ‘हं’ व ‘रं’ यांच्याशी हे जुळते. हा बीजोद्धार होय. बीजाचे रूप निश्चित राखणे हे त्याचे कार्य. वरदातंत्रात मात्र ह् म्हणजे शिव व र् म्हणजे प्रकृती असे विवरण येते. ही व्याख्या होय. पहिल्यातून रूप कळते, दुसऱ्यातून संप्रदायाचे तत्त्वज्ञान. दोहोंची गल्लत करून ‘ह्रीं’चा ‘मूळ अर्थ’ सांगणे शास्त्रीय ठरत नाही.

शिवाय बीजाचे मूल्य स्थानावरही अवलंबून असते. नवार्ण मंत्राच्या प्रचलित विनियोगात ‘ऐं’ हे बीज, ‘ह्रीं’ ही शक्ती आणि ‘क्लीं’ हे कीलक मानले आहे. एरवी तिन्ही बीजेच म्हणून गणली जातात. येथे त्या त्या जागेने त्यांची कार्ये भिन्न झाली.

म्हणून या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी बीजांच्या अर्थांच्या याद्या करण्यापूर्वी प्रयोगांची नोंद करावी : बीज कोणत्या देवतेच्या संदर्भात आले, मंत्रात कोणत्या स्थानी आले, कोणाकडून घेतले गेले आणि कसे उच्चारले गेले. साधकाच्या अनुभवाविषयी भाषाशास्त्राला अधिकारवाणीने बोलता येणार नाही. पण ऋतुपरत्वे पक्षी गातो तसा तो जप करीत नाही, तो कोणास तरी उद्देशून उच्चार करीत असतो, एवढे या नोंदींवरून दाखविता येईल.