केशवराव भोसले : एका रात्रीपलीकडची कारकीर्द

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. इथे छत्रपती संभाजीनगरातही नाट्यप्रेमींना हळहळ वाटली. पण केशवरावांविषयी बोलणे निघाले की ते एकाच प्रसंगापाशी येऊन थांबते, हेही तेव्हा जाणवले. तो प्रसंग म्हणजे ‘संयुक्त मानापमान’.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांनी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ एकत्र सादर केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. वय अवघे एकतीस. बालगंधर्व पुढे १९६७ पर्यंत जगले. साहजिकच त्या रात्रीची कथा ‘कोण सरस ठरले’ या प्रश्नाभोवती रचली गेली आणि केशवराव मराठी रसिकांच्या मनात एका जुगलबंदीतील दुसरी बाजू म्हणून उरले.

ही मांडणी मला अन्यायाची वाटते. युरोपीय ऑपेरात गायक गेला तरी रचनाकाराने लिहिलेली स्वरलिपी उरते. आपल्या संगीत रंगभूमीवर पदाची चाल ठरलेली असली, तरी तिचा विस्तार प्रयोगागणिक नटच घडवत असे. तो विस्तार नटाबरोबरच जातो. त्यामुळे केशवरावांचे मूल्यमापन केवळ ताना आणि ‘वन्समोअर’ यांच्या आठवणींवर करता येणार नाही. त्यांनी कोणत्या भूमिका केल्या, कोणती नाटके रंगभूमीवर आणली आणि मागे काय ठेवले, हे पाहिले पाहिजे.

१८९० साली जन्मलेले केशवराव लहानपणीच नाटक कंपनीत आले. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’त नायिकेची भूमिका करून बालवयातच त्यांनी नाव मिळवले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख एक मुलगा गात होता. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळी येथे ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. पुढे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना मिळाली. वीर वामनराव जोशींच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’तील मृणालिनी ही त्यांची आणखी एक गाजलेली स्त्रीभूमिका.

शारदा आणि मृणालिनी साकारणारा हा नट १९२१ मध्ये धैर्यधर होऊन उभा राहिला, याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. बालगंधर्वांची थोरवी स्त्रीभूमिकेच्या परिपूर्णतेत आहे. केशवराव ती वाट यशस्वीपणे चालले आणि तिथून बाहेरही पडले. जोरकस, चढ्या स्वरांची त्यांची गायकी सेनापती धैर्यधराच्या स्वाभिमानाला साजेशी होती. स्त्रीभूमिकांवर भाळलेल्या काळात गाणाऱ्या नायकाला त्यांनी नायिकेच्या तोलाचे बळ दिले. गंधर्वांसमोर धैर्यधर म्हणून उभे राहणे हाच त्याचा पुरावा. तेथे जयपराजयाचा हिशेब गैरलागू ठरतो.

दुसरी गोष्ट नाटकांच्या निवडीची. लोकप्रिय गायकनटाला पौराणिक नाटकांवर कंपनी चालवणे सोपे होते. केशवरावांनी मामा वरेरकरांना रंगभूमी दिली. ‘हाच मुलाचा बाप’ हुंड्याविषयी बोलते, ‘संन्याशाचा संसार’ धर्मांतराच्या प्रश्नाला हात घालते. पदे ऐकायला आलेल्या प्रेक्षकांना घरातलेच प्रश्न ऐकवण्याचे धाडस त्यात होते. केशवरावांच्या निधनानंतर बापूराव पेंढारकरांनी कंपनी सावरली आणि १९२२ मध्ये वरेरकरांचेच ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. मालक गेला तरी कंपनीचे धोरण टिकले. आवाज विरल्यावरही राहिलेले केशवरावांचे काम मला इथे दिसते.

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू मूळची ‘पॅलेस थिएटर’. केशवरावांचे नाव तिला नंतर मिळाले. जळालेले छप्पर पुन्हा घालता येते. पण त्या छपराखाली केशवरावांची जयंती साजरी होईल तेव्हा ८ जुलैच्या रात्रीबरोबरच हुबळीचा तो जानेवारी आणि हुंड्यावरचे ते नाटकही आठवले, तरच नाट्यगृहाला दिलेल्या नावाला अर्थ राहील.