सोफी शोल : प्रार्थनेची भाषा आणि पत्रकाची भाषा

२२ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिकच्या श्टाडेलहाइम तुरुंगात सोफी शोल, तिचा बंधू हान्स आणि त्यांचा सहकारी क्रिस्टोफ प्रोब्स्ट यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्या वेळी सोफी अवघी २१ वर्षांची होती. हिटलरविरोधी ‘श्वेत गुलाब’ मंडळातील या तरुणीविषयी पुढे विपुल लेखन झाले. तथापि तिच्या नावावर जी वाणी रूढ झाली आहे, तीत तिची स्वतःची किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रक्षिप्त अभंगांची छाननी करणाऱ्या मराठी अभ्यासकाला तो अपरिचित वाटू नये.

सर्वसामान्य समजुतीप्रमाणे सोफी ही मंडळाच्या पत्रकांची लेखिका होय. वस्तुस्थिती निराळी आहे. १९४२ च्या उन्हाळ्यात निघालेली पहिली चार पत्रके हान्स शोल व अलेक्झांडर श्मोरेल यांनी लिहिली. सहावे प्राध्यापक कुर्ट हुबर यांचे. आरंभीच्या पत्रकांत गटे व शिलर यांची अवतरणे आहेत. पोलंडमधील ज्यूंच्या हत्याकांडाचा स्पष्ट निर्देश आहे. चौथ्यात तर राजकीय दुष्टतेचे वर्णन आसुरी शक्तीच्या परिभाषेत केलेले आढळते. जानेवारी १९४३ च्या पाचव्या पत्रकापासून मात्र हा धार्मिक स्वर मागे पडतो आणि भाषणस्वातंत्र्य, श्रद्धास्वातंत्र्य, संघराज्य अशा नागरी संज्ञा पुढे येतात.

सोफीची निःसंशय स्वतःची भाषा शोधावयाची तर तिच्या दैनंदिनीकडे व पत्रांकडे वळले पाहिजे. ल्यूथरपंथी घरात वाढलेली ही मुलगी काही काळ हिटलरच्या युवती-संघटनेत उत्साहाने वावरली होती. पुढे ऑगस्टिनचे वाचन आणि थेओडोर हेकर यांच्यासारख्या कॅथलिक विचारवंतांचा सहवास यांमुळे तिची श्रद्धा अंतर्मुख झाली. दैनंदिनीतील तिच्या प्रार्थना आत्मविश्वासाच्या नाहीत. अंतःकरणाची शुष्कता आणि ईश्वराशी नीट बोलता न येण्याची खंत हाच त्यांचा मुख्य आशय आहे. पत्रकांत वारंवार आज्ञार्थ येतो. येथे याचना आहे.

या दोन भाषांचा सांधा कोणता? काही चरित्रकार श्रद्धेला राजकीय कृतीचे सरळ कारण मानतात, तर काही तिला वैयक्तिक बाब म्हणून बाजूस सारतात. दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. कागद, पाकिटे, टपालतिकिटे मिळविणे, खर्चाचा हिशेब ठेवणे, पत्रकांची बॅग घेऊन आउग्सबुर्ग, उल्म, श्टुटगार्ट येथे आगगाडीने जाणे, ही सोफीची कामे होती. १८ फेब्रुवारी रोजी विद्यापीठाच्या इमारतीत पत्रके ठेवताना ती व हान्स पकडले गेले. ज्या व्यक्तीला स्वतःचे शब्द अपुरे वाटतात, ती दुसऱ्यांचे शब्द प्राणपणाने वाहून नेते, ही गोष्ट तिच्या प्रार्थनेशी विसंगत नाही. लेखिका नसणे हे तिच्या कार्याचे न्यूनत्व नव्हे.

तिच्या वारशाची कथा नेमकी येथेच बिघडते. इंगे शोल या बहिणीच्या १९५२ च्या पुस्तकाने भावंडांची प्रतिमा लोकमानसात दृढ केली. पण श्मोरेल, विली ग्राफ, हुबर हे सर्व मृत्युदंड भोगूनही तुलनेने छायेत राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये हानोफर येथे, साथीच्या निर्बंधांविरुद्धच्या सभेत, एका तरुणीने स्वतःची तुलना सोफीशी केली आणि तीव्र निषेध ओढवून घेतला. मे २०२१ पासून दोन जर्मन सार्वजनिक प्रसारण-संस्थांनी इन्स्टाग्रामवर सोफीच्या तोंडी प्रथमपुरुषी निवेदन घालून तिचे शेवटचे महिने रंगविले. तरुण वाचकवर्ग तिच्याकडे वळला, हे खरे. परंतु मूळ लेखन कोठे संपते व कल्पित कोठे सुरू होते हे स्पष्ट केले जात नाही, हा त्यावरील आक्षेप रास्त होता.

हुतात्म्याच्या मुखी आपले शब्द घालण्याचा मोह प्रत्येक पिढीला होतो. हानोफरची तरुणी आणि प्रसारण-संस्था यांच्या हेतूंत महदंतर असले, तरी सोफीचे ‘मी’ आपल्या हाती घेण्याची क्रिया दोन्हीकडे समान आहे. असत्य प्रचाराच्या राज्यात छापील सत्य वाहून नेताना जिने प्राण गमावले, तिच्या बाबतीत कर्तृत्वनिश्चिती ही केवळ ग्रंथालयीन काटेकोरपणाची बाब राहत नाही. तो तिच्या स्मृतीचा मान राखण्याचाच एक प्रकार होय.