'पाचोळा', तिसऱ्यांदा

2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून मी रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' उचलली. खरं सांगायचं तर पातळ होती म्हणून.

रात्रीतच संपवली. आनंद झाला तो भाषेचा. गंगाराम शिंप्याच्या घराची ही वाताहत त्याची बायको सांगते, आमच्या घरात बोलतात त्याच बोलीत. शाळेत माझ्या वहीत 'अशुद्ध' म्हणून खोडलेले शब्द 1971 सालीच छापून आले होते! बोराडे लातूरकडच्या काटगावचे. तो भाग तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होता, लातूर जिल्हा वेगळा झाला 1982 ला. म्हणजे माणूस आपलाच.

दुसऱ्यांदा वाचली पुण्यात, पहिली नोकरी सुटली तेव्हा. या वेळी भाषेकडे लक्षच गेलं नाही, दिसला तो गंगारामचा ताठा. हातचं काम जायला लागलं की माणूस आधी घरच्यांवर डाफरतो. (माझ्या रूममेटला विचारा.) बोराडे त्याला हिरोही करत नाहीत आणि बिचाराही.

2025 च्या फेब्रुवारीत बोराडे गेले. त्या आठवड्यात मी परंड्याला घरी होतो. आई ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. ती मशीनवर बसलेली, मी मोठ्यानं वाचत होतो. मी जिथं गंभीर झालो होतो, तिथं ती चक्क हसली. मग मशीन थांबवून म्हणाली, "सगळं नवऱ्याचं आन् लेकाचं सांगती ही. सवताचं कवा सांगनार?"

मी उत्तरासाठी पानं चाळत बसलो. दोन वेळा वाचून मी हिला खिडकी समजलो होतो, पलीकडचा गंगाराम बघायची. पण त्याचा हट्ट किती दाखवायचा, कुठं झाकायचा, हे तीच ठरवते. तिला स्वतःला काय हवं होतं, ते मात्र आपल्याला तिच्या कुरकुरीतून वेचावं लागतं. शेवटाकडे दुःखं एकावर एक कोसळतात, ते मला आजही जरा जास्तच वाटतं. तरी तिचा आवाज नाटकी होत नाही, म्हणून कादंबरी तगते.

हे सगळं मी आईला सांगायला लागलो. तिनं सुईत दोरा ओवला.

"ते र्‍हाऊ दे. पयल्यापासून वाच. मशिनीच्या आवाजात निम्मं ऐकूच आलं न्हाई."