‘नूतनीकरण’ की ‘रूपांतर’? : एका कणवेगवर्धकाच्या निमित्ताने

जुन्या वैज्ञानिक यंत्रणेस नवे आयुष्य लाभले म्हणजे मराठी लेखनात त्या कार्यास सरसकट ‘नूतनीकरण’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द सोयीचा खरा. परंतु दुरुस्ती, नवनिर्मिती व रूपांतर या भिन्न क्रियांमधील भेद तो पुसून टाकतो. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील कणवेगवर्धकाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

तेथे १९६१ पासून ५.५ दशलक्ष व्होल्टचा व्हॅन डी ग्राफ वेगवर्धक कार्य करीत होता. त्यात आयनांना विद्युत्‌दाबाचा लाभ एकदाच मिळे. पुढे त्याचेच रूप पालटून ‘फोटिया’ सिद्ध झाला आणि एप्रिल २००० मध्ये त्यातून पहिली आयनशलाका मिळाली. फोटियात ऋण आयन मध्यवर्ती धन अग्राकडे ओढले जातात. तेथे कार्बनच्या अतितनू पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन गळून ते धन होतात. चुंबक त्यांना १८० अंशांतून वळवितो आणि तेच अग्र आता त्यांना दूर लोटते. अग्रावर ६ दशलक्ष व्होल्ट दाब असता चार धनभारांचा कार्बन आयन अशा रीतीने ३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळवितो.

याला ‘नूतनीकरण’ म्हटल्यास कार्यतत्त्वच बदलले, ही मुख्य गोष्ट अनुक्त राहते. उलटपक्षी ‘नवा वेगवर्धक उभारला’ म्हणावे, तर पूर्वसूरींच्या सुमारे चार दशकांच्या कार्याशी असलेले नाते तुटते. जालन्याच्या पोलाद-कारखान्यांत भंगार वितळवून सळ्या घडवितात. त्या सळ्यांत मूळ वस्तूची खूण उरत नाही. ट्रॉम्बे येथे तसे घडलेले नाही.

मराठी नाट्यसमीक्षेने ‘भाषांतर’ व ‘रूपांतर’ यांत विवेक केलेला आहे. रूपांतरकार मूळ कृतीचे ऋण मान्य करतो, तथापि तिची घडण बदलतो. हाच विवेक विज्ञानलेखनात आणल्यास ‘रूपांतर’ हाच येथे यथार्थ शब्द ठरतो.

हा प्रश्न केवळ शब्दरुचीचा नव्हे. जुन्या यंत्रावर झालेला खर्च व श्रम झीज भरून काढण्यासाठी होते की नवे सामर्थ्य मिळविण्यासाठी, याचा निवाडा वाचक वर्णनावरूनच करतो. वर्णनातील क्रियावाचक शब्द संदिग्ध असेल, तर तो निवाडाही संदिग्धच राहणार.