सोनगीरची पातळी कोणती?

सर्वांनी मिळून तयार करायचा जगाचा नकाशा, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप, २००४ साली सुरू झाला. त्यात कोणीही भर घालू शकतो, आणि तो विनामूल्य वापरता येतो. भूगोल व नागरिकशास्त्र शिकवताना तो उपयोगी पडतो. मात्र त्यातील प्रशासकीय सीमांचे वर्गीकरण जरा तपासून घ्यायला हवे.

या नकाशात प्रत्येक प्रशासकीय सीमेला पातळीचा क्रमांक असतो. देशाला २, राज्याला ४, भारतातील जिल्ह्याला ५. क्रमांक वाढेल तसे क्षेत्र लहान होते. ही पद्धत सोयीची आहे. देशोदेशींची नावे वेगवेगळी असली, तरी कोणती रेषा ठळक काढायची हे संगणकाला क्रमांकावरून समजते. पण या पद्धतीत शिडी एकच गृहीत धरली आहे. आपल्याकडे तर दोन आहेत.

धुळे तालुक्यातील सोनगीर घ्या. महसुलाच्या शिडीवर गाव, तालुका आणि जिल्हा. स्थानिक स्वराज्याच्या शिडीवर ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. पायऱ्या जुळतात, तेव्हा एकाच रेषेवर दोन्ही भागतील असे वाटते. पण धुळे शहरही याच महसुली तालुक्यात आहे. तेथे २००३ पासून महानगरपालिका आहे, आणि तो भाग पंचायत समितीच्या कक्षेत येत नाही. म्हणजे तालुक्याची हद्द शहरासकट, तर पंचायत समितीची शहर वगळून! खालच्या पायरीवरही तोच घोळ. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार अनेक महसुली गावांची मिळून एक ग्रामपंचायत असू शकते. मग गावाची शीव हीच पंचायतीची हद्द कशी मानायची?

हा प्रश्न केवळ नकाशाचा नाही. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर तक्रार कोणाकडे न्यायची, हे स्वराज्य संस्थेच्या हद्दीवरून ठरते; सातबाऱ्याची तक्रार महसुली हद्दीवरून. दोन्ही एकाच क्रमांकात कोंबल्या, तर नागरिक चुकीच्या कचेरीत हेलपाटे घालतो.

उपाय अवघड नाही. ‘पातळी’ आणि ‘प्रकार’ या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात. हद्द जेथे समान असेल तेथे रेषा पुन्हा काढावी लागत नाही. एकच रेषा दोन सीमांचा भाग म्हणून नोंदवण्याची सोय या नकाशात आहेच. वर्गीकरण करण्यापूर्वी ते कशाचे, हे ठरवणे ही विज्ञानातील पहिली पायरी. देवमासा पाण्यात राहतो म्हणून आपण त्याला माशांत बसवत नाही.

विद्यार्थ्यांना आपल्या गावासाठी या दोन शिड्या वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगा. कोणती पायरी जुळत नाही, हे त्यांनाच शोधू द्या.